हिरवळ कापण्याच्या डेकने झुडपे कापताना

कोकणातील काजू आणि आंबा बागांची बेणणी हा दरवर्षीचा मोठा खर्च आहे. कोयता चालविणारी माणसे वेळेवर मिळत नाहीत. खांद्यावरचा ग्रासकटर आता गावोगाव पोहोचला असला तरी रानमोडी, घाणेरी आणि रायवळ फुटव्यांनी भरलेली चार-पाच एकरांची बाग त्याने साफ करायची म्हणजे माणूस थकून जातो. त्यामुळे अनेक बागायतदारांकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ज्यांच्याकडे विश्रामगृहाच्या किंवा कृषी पर्यटनाच्या जागेवर हिरवळ कापण्याचा छोटा ट्रॅक्टर आहे, ते विचारतात की याच यंत्राने बागेतील झुडपे कापता येतील का?

शेतकरी बंधूंनो, यंत्र जसे आहे तसे वापरले तर उत्तर 'नाही' असे आहे. काही बदल करून आणि मर्यादा पाळून वापरले तर 'होय, पण थोडेच' असे म्हणता येईल. हे बदल कोणते आणि ते का करायचे, हे समजून घेतल्याशिवाय वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नये.

दोन यंत्रांतील मूळ फरक

हिरवळ कापण्याचा ट्रॅक्टर मुळात अमेरिका-युरोपातील घरांपुढील सपाट हिरवळीसाठी बनला. त्याच्या पोटाखाली उलट्या परातीसारखा पत्र्याचा डबा असतो. त्यालाच डेक म्हणतात. डेकचा पत्रा साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास असतो. आत दोन किंवा तीन पाती असून ती पट्ट्यावर फिरतात. पात्यांची टोके पंखासारखी वर वळवलेली असतात. त्यामुळे वारा निर्माण होतो, आडवे पडलेले गवत उभे राहते, कापले जाते आणि बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जाते. पाते आसावर पक्के बसवलेले असते आणि आसाचे घर बहुधा ओतीव अॅल्युमिनियमचे असते. कोवळे गवत कापायला एवढे पुरते.

झुडपे कापण्याचे यंत्र, ज्याला आपल्याकडे स्लॅशर म्हणतात, ते वेगळ्या विचाराने बनवलेले असते. त्याचा पत्रा जाड असतो. मध्यभागी जड गोल तबक असते आणि त्याच्या कडेला दोन पाती एकेका बोल्टवर सैल टांगलेली असतात. फिरू लागली की ती केंद्रोत्सारी बलाने ताठ उभी राहतात. दगडावर किंवा खुंटावर आपटली तर मागे दुमडतात आणि पुन्हा ताठ होतात. गोल तबक खुंटावरून घसरून जाते. आपटण्याचा धक्का आसापर्यंत पोहोचू नये, ही या सगळ्या रचनेमागची कल्पना आहे. हिरवळीच्या डेकमध्ये ही सोय नसते. तेथे पाते खुंटावर आपटले की धक्का सरळ आसाला, बेअरिंगला आणि अॅल्युमिनियमच्या घराला बसतो. घर तडकते, आस वाकतो, आणि मग ते डेक कितीही दुरुस्त केले तरी थरथरतच राहते.

वेगाचा हिशेब

पात्याच्या टोकाचा वेग काढणे सोपे आहे. पात्याची पूर्ण लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला ३.१४ ने व मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ६० ने भागावे. ५३ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३४०० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९४ मीटर होतो. अमेरिकेतील मानकाप्रमाणे हिरवळीच्या यंत्रासाठी मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटर ही कमाल मर्यादा आहे. याचा अर्थ असा की कारखान्याने वेग आधीच मर्यादेच्या जवळ आणून ठेवलेला असतो. तेव्हा अधिक रुंद कापावे म्हणून लांब पाते बसविणे किंवा पुली बदलून वेग वाढविणे हे दोन्ही करू नये.

याउलट, १२० सेंटिमीटर रुंदीचा स्लॅशर मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटरच असतो. म्हणजे झुडपे कापणारे यंत्र हिरवळीच्या यंत्रापेक्षा हळू फिरते, पण त्याचे पाते जड असते. झुडूप कापायला वेगापेक्षा पात्याचे वजन अधिक उपयोगी पडते, हे लक्षात ठेवावे.

पात्याचा तोल किती महत्त्वाचा आहे तेही याच हिशेबातून कळते. ३४०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्याच्या एका टोकाकडे, मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, केवळ ५० ग्रॅम वजन जास्त झाले तर आसावर सुमारे १६० किलोचा ओढा पडतो आणि तो सेकंदाला ५६-५७ वेळा दिशा बदलतो. एक बाजू जास्त घासली गेली, एवढ्यानेच बेअरिंगे खिळखिळी होतात. म्हणून धार लावल्यावर पाते मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगून पाहावे. ज्या बाजूने खाली जाईल त्या बाजूचे लोखंड धारेच्या मागच्या अंगाने घासून काढावे. या कामाला पाच मिनिटे लागतात, तरी बहुतेक ठिकाणी ते केले जात नाही.

हिरवळीच्या डेकमध्ये करता येण्यासारखे बदल

प्रथम पाते बदलावे. त्याच लांबीचे, त्याच भोकाचे, पण कमी वळलेल्या टोकाचे आणि जाड पाते घ्यावे. वाऱ्याची गरज झुडपांना नसते आणि वारा निर्माण करण्यात इंजिनाची बरीच ताकद खर्च होते. धार वस्तऱ्यासारखी करू नये. पातळ धार लाकडावर दुमडते व तिचे तुकडे उडतात. थोडी बोथट, जाड धार झुडपाचे खोड फोडून तोडते, आणि उरलेला खुंट कोयत्याच्या तिरप्या घावासारखा टोकदार राहत नाही. अनवाणी पायाला आणि टायरला घात करणारे खुंट त्यामुळे कमी होतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. ट्रकच्या कमानपाट्यापासून पाती बनवून देणारे कारागीर गावोगाव आहेत आणि त्यांचे कोयते उत्तम असतात. परंतु कोयता हातात असतो, हे पाते सेकंदाला ९० मीटरने फिरते. कमानपाट्याचे पोलाद तापवून, वाकवून, चुकीचे पाणी दिले तर ते काचेसारखे ठिसूळ होते. आपटल्यावर त्याचा तुकडा उडाला तर तो गोळीसारखा जातो. तसेच मोडलेल्या किंवा चीर पडलेल्या पात्याला वेल्डिंग करू नये. अशा पात्याची जागा भंगारात आहे.

सैल टांगलेली पाती हिरवळीच्या डेकमध्ये बसवावीत का, असेही विचारले जाते. माझ्या मते बसवू नयेत. १ किलोचे पाते आसापासून ४० सेंटिमीटरवर १००० फेऱ्यांनी फिरले तरी त्याच्या बोल्टवर सुमारे ४५० किलोचा ताण येतो. हिरवळीच्या डेकचा आस, त्याचे घर आणि पत्रा यांपैकी काहीही त्या ताणासाठी बनलेले नाही. तबक, आस आणि घर सगळेच बदलायचे असेल तर स्लॅशरच घेणे बरे.

दुसरा बदल पोटाखालचा. डेक ट्रॅक्टरच्या मध्यभागी असल्याने झुडपे आधी ट्रॅक्टरच्या पोटाला घासतात आणि मग पात्याकडे जातात. त्यात पट्टा निसटतो, वायरी तुटतात, ऑईल काढण्याचा बोल्ट ठेचला जातो. यासाठी पुढच्या आसापासून डेकपर्यंत जाड पत्र्याची घसरपट्टी बोल्टने बसवावी. वेल्ड करू नये, कारण आतली सफाई करण्यासाठी ती वारंवार काढावी लागते. वाळलेला पाला इंजिनाच्या पंख्याजवळ आणि सायलेन्सरभोवती साचतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तोच पेट घेतो. एका ठिणगीने काजूची बाग जाते हे कोकणात सांगण्याची गरज नाही. डिसेंबरनंतर काम करताना दर तासाला यंत्र थांबवून, थंड करून, हा पाला ब्रशने काढावा.

डेकची पुढची कड झुडपाला आधी वाकवते, त्यामुळे जाड खोडे नीट कापली जात नाहीत. म्हणून काहीजण ही कड कापून तोंड मोठे करतात. ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या डेकला हे करू नये. तेथून उडालेला दगड पुढच्या चाकावर आदळून चालकाच्या पायावर येऊ शकतो. त्याऐवजी डेक सर्वांत वरच्या खाचेत ठेवावे, चाल हळू ठेवावी आणि तीच जागा दोनदा कापावी. बाजूच्या तोंडावरचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने काढू नये. उलट त्या झाकणाला खाली साखळीचे तुकडे दाटीने टांगावेत.

पट्टा घसरतो म्हणून तो फार ताणून बसवू नये. या यंत्रात घसरणारा पट्टा हीच धक्का झेलणारी एकमेव सोय आहे. हिरवळीचे टायर पातळ असतात. त्यात पंक्चर रोखणारा द्रव भरून घ्यावा.

एवढे करूनही या यंत्राने अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतचीच, म्हणजे साधारण २ ते २.५ सेंटिमीटरची खोडे कापावीत. करवंदीच्या जुन्या जाळ्या, कुड्याचे व ऐनाचे जाड फुटवे आधी कोयत्याने किंवा करवतीने काढावेत.

छोट्या ट्रॅक्टरमागचा स्लॅशर

ज्यांच्याकडे १८ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे त्यांनी डेकच्या नादी न लागता मागे जोडायचा स्लॅशर भाड्याने किंवा गटात मिळून घ्यावा. त्याचे पीटीओ ५४० फेऱ्यांवरच चालवावे. पुढची बाजू मागच्यापेक्षा १ ते २ सेंटिमीटर खाली ठेवल्यास कापलेला माल एकदाच कापला जातो व ताकद कमी लागते. बारीक चुरा हवा असेल तर उलट, मागची बाजू खाली ठेवावी.

स्लॅशरच्या दांड्यात एक साधा, मऊ बोल्ट असतो. पाते अडकले की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो दोनदा तुटला की चिडून तेथे कडक पोलादाचा बोल्ट बसविला जातो, असे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. मग पुढच्या खुंटाला बोल्ट शाबूत राहतो आणि गिअर तुटतात. असे बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाचे व प्रतीचे आणून डझनभर जवळ ठेवावेत.

एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर आणखी एक धोका असतो. क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर दांड्यातून उलटा येतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. बांधाच्या कडेला किंवा झाडाजवळ हे जिवावर बेतू शकते. यासाठी एकाच दिशेने जोर देणारे जोडकाम पीटीओवर बसविता येते. ते जरूर बसवावे. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत सीटवरून उतरू नये.

कामाला उतरण्यापूर्वी

बागेत आधी पायी फिरावे. जांभ्याचे सुटे चिरे, जुन्या कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, काथ्याची दोरी, हे सर्व उचलावे. तार किंवा नळी आसाला गुंडाळली तर सील फाटते. न हलणाऱ्या दगडांवर आणि मोठ्या खुंटांवर चुना टाकावा. स्लॅशरमधून उडालेला दगड ३०० फुटांपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या अंतरात माणूस, मूल, जनावर असू नये. रस्त्यालगतची बाग असेल तर एक माणूस रस्त्यावर उभा करावा. उतारावर आडवे चालवू नये, वर-खाली चालवावे. मजग्यांची कड एक चाक भरून सोडावी आणि ती पट्टी हाताने बेणावी. चालकाशिवाय ट्रॅक्टरवर कोणीही बसता कामा नये, मग तो मालक असला तरी.

कापणी केव्हा करावी

रानमोडी साधारण नोव्हेंबरच्या सुमारास कळ्या धरते आणि जानेवारीपासून तिचे बी वाऱ्यावर उडू लागते. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून, जमीन चाकाला धरेल इतकी सुकली की, पहिली कापणी करावी. फुटवा पुन्हा आला आणि बुटक्या झाडांना कळ्या दिसल्या तर दुसरी कापणी लगेच करावी. बी उडू लागल्यावर कापले तर यंत्रच बी पसरविते. काजूचे बी गळायला लागण्यापूर्वी झाडाखालची जमीन साफ असली म्हणजे बी वेचताना वाया जात नाही, हा दुसरा फायदा. मात्र फांद्यांच्या घेरात यंत्र नेऊ नये. तेथे कोयताच चालवावा.

घाणेरी व रानमोडी नुसत्या कापण्याने मरत नाहीत, बुंध्यापासून पुन्हा फुटतात. पुढील पावसाच्या आरंभी जमीन मऊ असताना बुंधे टिकावाने उपटून काढावेत. यंत्राने वरचा पसारा गेलेला असल्याने ते सहज दिसतात. कापलेला चुरा झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून वापरता येईल, पण त्यात फुले-बिया नसाव्यात आणि तो खोडापासून एक हात दूर ठेवावा. घाणेरीचा पाला मिसळलेले गवत जनावरांना घालू नये. घाणेरी विषारी आहे व सुकल्यावर गवतातून ती ओळखता येत नाही.

काम संपल्यावर डेक उलटे करून धुण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. आसांना ग्रीस द्यावे, स्लॅशरच्या गिअरबॉक्समधील ऑईलची पातळी पाहावी आणि सैल पाती बदलायची असतील तर दोन्ही एकाच वेळी, वजन करून बदलावीत. पावसाळ्यासाठी ठेवताना पात्यांना वापरलेले इंजिन ऑईल फासावे आणि डेक जमिनीवर न टेकवता दोन फळ्यांवर ठेवावे.