आईच्या ताटावरून उठू नकोस

नगर, ६ ऑक्टोबर

चि. पिंटू,



फोन केला असता, पण फोनवर तू नुसता "हो आजी, हो आजी" करतोस आणि मग माझंच बोलायचं राहून जातं. म्हणून पत्र लिहिते. सावकाश वाच.

रविवारी उपासना सुटल्यावर तुझ्या मामीने मला दाराशी गाठलं. म्हणाली, गणपतीच्या सुट्टीत पिंटू भिंगारला आला होता, आईने वाढलेलं ताट त्याने बाजूला सारलं, हॉटेलातून पार्सल मागवलं आणि खोलीचं दार लावून एकटाच जेवला. कारण काय, तर शेजारच्या काकूंनी दिलेला मोदक तुझ्या आईने घेतला आणि खाल्ला. मामीला तिखटमीठ लावायची सवय आहे हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही? म्हणून सोमवारी रिक्षा करून मी स्वतः भिंगारला गेले. तुझी आई म्हणाली, "त्याला ऑफिसचं काम होतं हो, आत्या." आणि वळून घासलेली कढई पुन्हा घासायला लागली. तेव्हा कळलं, या वेळी मामीने काही लावलेलं नाही.

पिंट्या, आईच्या ताटावरून उठलास? सव्वीस वर्षांचा घोडा झालास आणि एवढं कळलं नाही?

तुमचे ते शिष्यत्वाचे वर्ग चालतात, तिथले भाऊ रोज रात्री तुमच्याकडून दिवसाचा हिशोब घेतात, हेही ऐकलं. त्याबद्दल मी लगेच काही म्हणत नाही. पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचतोस, शिवी तोंडात येत नाही, शनिवारच्या पार्ट्या सोडल्यास, याचा मला आनंदच आहे. तू म्हणशील, पहिल्या शिष्यांनी जाळी टाकली, तारवात बसलेला बाप सोडला आणि ते प्रभूच्या मागे गेले. गेले ना. पण मार्काचा तोच पहिला अध्याय आणखी दहा-बारा ओव्या पुढे वाच. जाळी सोडल्यावर प्रभू त्यांना घेऊन कोणाच्या घरी गेला? पेत्राच्याच. तिथे त्याची सासू तापाने पडली होती. प्रभूने तिला हात धरून उठवलं आणि ती त्यांची सेवा करू लागली. आता माऊली उठल्यावर आलेल्यांना उपाशी का ठेवेल? सगळं सोडून निघालेले लोक पुन्हा पेत्राच्याच घरात बसले होते, हे मला सांगायचंय.

त्या पहिल्या मंडळीचं सगळं ताटाभोवतीच फिरतं रे. प्रेषितांची कृत्ये काढ. शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना, या चार गोष्टींत ते टिकून राहिले, आणि भाकर मोडायचे ती घरोघरी. मंडळीत पहिली मोठी कुरकुर झाली ती कशावरून? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, यावरून. तेव्हा बारा प्रेषितांनी, हा किरकोळ विषय आहे, असं म्हटलं नाही. पंगतीची व्यवस्था बघायला सात माणसं निवडायला लावली. तुझे पप्पा गेल्याला नऊ वर्षं झाली. तुझी आईही विधवाच आहे. तिच्या वाटपाकडे कोण बघतं?

आणि अंत्युखिया. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथे मिळालं, हे तू शब्बाथ शाळेत पाठ केलंस, माझ्याच वर्गात. त्याच गावात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. मग यरुशलेमेकडून काही कडक मंडळी आली आणि तो हळूच बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्र, अध्याय दुसरा. पेत्रासारखा पेत्र, आणि तो लोक काय म्हणतील म्हणून ताटावरून उठला! तेव्हा तुझं मी फार वेगळं पाप मानत नाही. पण पौलाने जे केलं ते मला करावंच लागेल.

आता तू 'दिदाखे' काढशील. सांगते, कारण ते पुस्तक तुला मीच दिलं. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ती ख्रिस्ती शिकवणीची छोटीशी पुस्तिका, १८७३ साली फिलोथिओस ब्रिएनिओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये हस्तलिखितात सापडलेली. तीत मूर्तीला वाहिलेल्या अन्नापासून जपून राहा, असं स्वच्छ लिहिलंय. मी ते लपवत नाही. मोदक खाऊ नकोस. तुझं मन खात असेल तर अजिबात खाऊ नकोस. पण पौल करिंथकरांना हेही सांगतो, की कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशा न करता खा. आणि ज्ञानाने माणूस फुगतो, प्रीतीने उभा राहतो. तुझ्या आईने तुला मोदक वाढला होता का? तिने ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी वाढली होती. मी विचारलंय. ती भाकरी कोणत्या मूर्तीला वाहिली होती, सांग मला.

त्याच 'दिदाखे'तलं बाकीचंही वाच. फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. जाताना पैसे मागितले तरी खोटा. तुमचे भाऊ पगाराची स्लिप कशाला बघतात, याचा विचार तू कर. आणि ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने ते मिटवल्याशिवाय प्रभूच्या दिवशी भाकर मोडायला येऊ नये, हेही तिथेच आहे. गेल्या रविवारी तू प्रभुभोजन घेतलंस का?

त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांबद्दल आणखी एक सांगते. प्लिनी नावाचा रोमन सुभेदार, इ.स. ११२च्या सुमाराचा. बिथुनियात ख्रिस्ती लोक काय करतात याचा त्याने छळ करून तपास लावला. दोन दासींना, ज्या मंडळीत सेविका होत्या, त्यांना यातना दिल्या. आणि बादशहाला कळवलं काय? हे लोक ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिला शब्द मोडणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन जेवतात, तेही साधंच अन्न. बस. एवढ्यासाठी त्या दोघींनी मार खाल्ला. मी नोकरीत असताना हे वाचलं, आणि चौतीस वर्षं हजेरीपटात खोटी खूण करायची वेळ आली की त्या दासी माझ्यासमोर उभ्या राहायच्या. रोजचं शिष्यत्व मला तरी एवढंच कळलंय.

पण हे मला उशिरा कळलं, बाळा. म्हणूनच तर लिहितेय.

तुझे आजोबा, माझा दादा, बिड्या ओढायचा हे तुला माहीत आहे. मी डी.एड.ला होते तेव्हा आमच्याकडेही अशाच रात्रीच्या सभा सुरू झाल्या होत्या, आणि मी सगळ्यांत पुढे. दादा दर महिन्याला सायकलवरून वसतिगृहावर यायचा, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. अंगाला बिडीचा वास. मी डबा घ्यायची आणि तो वळला की वॉचमनला द्यायची. प्रभूसाठी मी हे करतेय असं मला वाटायचं. वहीत लिहूनही ठेवायची. वर्षभराने दादाने डबा आणणं बंद केलं. रागावला नाही, भांडला नाही, यायचा मात्र तसाच, रिकाम्या हाताने. तो गेल्यावर तुझ्या आजीने सांगितलं, "त्यांना वाटायचं, तुला चटणी तिखट लागते."

त्याला खरं सांगायला माझ्याकडे पुढची चाळीस वर्षं होती. सांगितलं नाही.

अशा वेळी काय करायला हवं हे बघायचं तर आपल्याच नगरकडचं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या काळात लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तरी सोवळं सुटलेलं नव्हतं, स्वयंपाक-पाणी वेगळं. टिळकांनी ते सोसलं, जबरदस्ती केली नाही. आपल्याच घरात त्यांचा विटाळ मानला जायचा! त्या माणसाने पुढे १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. तुला शेजारच्या काकूंचं वावडं. २०२१ साली आई करोनाने पडली, तू पुण्यात अडकला होतास, तेव्हा दाराशी पेज कोण ठेवून जात होतं? त्यांचा मोदक आईला कसा नाकारता येणार होता?

फार बोलले. मामीला दोष देते आणि मीही तिच्यासारखीच.

तुझ्यावर मी रागावले नाही रे. घाबरले आहे. तुझ्यात मला मी दिसते, आणि तुझ्या आईत दादा. तीही भांडणार नाही. एक दिवस ती वाढायचंच बंद करेल, आणि तुला वाटेल की सगळं सुरळीत झालं.

'दिदाखे'तलं एक मला फार आवडतं. प्रभूचं सगळं जू वाहता आलं तर उत्तमच, नाही आलं तर जमेल तेवढं कर. तू जमेल तेवढं कर. वर्गाला जा, उपास कर, मोदक खाऊ नकोस. फक्त आईकडे जा. जेवण उतरलं नाही तर नुसता तिच्यासमोर बस.

पौलाने मार्काला एकदा नाकारलं होतं, तो पंफुल्यातून अर्ध्यावर घरी परतला म्हणून. बर्णबाने त्याला पोटाशी धरून कुप्रला नेलं. आणि म्हातारपणी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला बरोबर घेऊन ये, त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याआधी यायचं बघ. एवढा मोठा प्रेषित, शेवटी त्याला थंडी वाजत होती आणि माणसं हवी होती.

तुझा राखाडी स्वेटर आईच्या कपाटात आहे. तिने धुऊन ठेवलाय. शनिवारी ती हुलग्याचे शेंगोळे करणार आहे, मीही जाणार आहे. माळीवाड्याला उतरलास की फोन कर.

तुझी,
आत्याआजी