तीर्थयात्रा आणि सहल : सांतियागोच्या वाटेवरचा विचार

'तीर्थ' हा शब्द तॄ, म्हणजे तरून जाणे, ह्या धातूपासून झाला आहे. 'यात्रा' हा शब्द या, म्हणजे जाणे, ह्या धातूपासून. आता जाणे काय, सर्वांचेच असते. बाजारास जाणाराही जातो आणि पंढरीस जाणाराही जातो. मग कोणत्या जाण्यास यात्रा म्हणावे, ह्याचा विचार आपल्या स्मृतिकारांनी मोठ्या बारकाईने केला आहे. जो दुसऱ्याच्यासाठी मोल घेऊन जातो, त्यास तीर्थफलाचा सोळावा अंश. जो भलत्याच कामास निघाला व त्या निमित्ताने तीर्थ घडले, त्यास अर्धे फळ. वाण्याच्या वहीसारखा हिशेबच मांडून ठेवला आहे म्हणा ना! आजकाल तिकडे युरोपखंडात एक प्रकार चालला आहे, त्यास हा हिशेब लावून पाहावा असे आमच्या मनात आले. वारकरी मंडळींस तो परका वाटणार नाही.

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया नावाचा प्रांत आहे. तेथे सांतियागो दे कोम्पोस्तेला हे ख्रिस्ती लोकांचे मोठे क्षेत्र. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब ह्याची समाधी तेथे आहे, अशी त्यांची श्रद्धा. ती समाधी नवव्या शतकात सापडली अशी परंपरा सांगतात. तेव्हापासून लोक तेथे पायी जातात. वाटा पुष्कळ आहेत, परंतु सर्वांत चालती वाट फ्रान्सच्या सरहद्दीवरील सँ-झाँ-पिए-द-पोर गावाहून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते, आणि पाम्पलोना, बुर्गोस, लेओन अशी गावे घेत सुमारे ७८० किलोमीटरांनी क्षेत्रास पोचते. आळंदी-पंढरीच्या तिप्पट वाट समजा. महिना-पाच आठवडे लागतात. आपल्या गळ्यात तुळशीची माळ, तशी त्यांच्या पडशीला समुद्रातली एक पंख्यासारखी शिंप बांधलेली असते. पालखीच्या वाटेवर वेळापूरजवळ आपण धावा करतो, कारण तुकोबारायांना तेथून कळस दिसला आणि ते धावत सुटले असे सांगतात. त्या वाटेवरही शेवटी एक टेकडी आहे. तेथून देवळाचे मनोरे पहिल्यांदा दिसतात म्हणून तिचे नावच मुळी आनंदाची टेकडी असे पडले आहे!

(गोमंतकातील वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पाम्पलोना ही नाव्हारा प्रांताची राजधानी, आणि संत फ्रान्सिस झेवियर ह्याच प्रांतातले. दर मार्च महिन्यात पाम्पलोनाकडील लोक त्यांच्या जन्मगावी पायी जातात. इकडे ३ डिसेंबरच्या फेस्तास जुन्या गोव्याला आपल्या सिंधुदुर्गाकडून ख्रिस्ती भाविक पायी येतात. चालण्याची ओढ काही एका पंथाची नव्हे.)

ही वाट राजांनी बांधली तशी साधूंनीही बांधली. अकराव्या शतकात दोमिंगो नावाचा एक पुरुष होता. मठात जाऊन संन्यस्त व्हावे अशी त्याची इच्छा. मठवाल्यांनी घेतले नाही. तेव्हा तो रानात राहिला, आणि यात्रेकरूंचे हाल पाहून स्वतःच्या हातांनी वाट मोकळी करू लागला. फरसबंदी घातली, नदीवर पूल बांधला, उतरण्यास धर्मशाळा बांधली. ११०९ साली तो वारला, आणि आज त्या गावास त्याचेच नाव आहे. आम्हांस तर हे वाचताना गाडगेबाबांची आठवण झाली. हाती खराटा आणि मागे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा.

पुढे ही यात्रा ओसरत ओसरत गेली. १९८५ च्या सुमारास वर्षभरात तीन हजारही यात्रेकरू तेथे नोंदले जात नव्हते. त्याच वाटेवर ओ सेब्रेइरो ह्या डोंगरावरील खेड्यात एलियास वालिन्या नावाचे धर्मोपदेशक होते. वाट विसरून गेली आहे, माणसे चुकतात, हे पाहून त्यांनी १९८४ साली पिवळ्या रंगाचे डबे घेतले आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढीत निघाले. १९८९ साली ते वारले. आज त्या पिवळ्या बाणांवरून सारे जग चालते. २०२४ साली क्षेत्री नोंद झालेले यात्रेकरू जवळजवळ पाच लाख होते.

जेथे माणसे लाखांनी चालू लागतात, तेथे व्यापार येतोच. तो पंढरीसही आला आहे. त्या वाटेवर आता प्रवासी कंपन्या निघाल्या आहेत. त्या आठवड्याभराची 'चालण्याची सहल' विकतात. सारिया नावाच्या गावाहून शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर चालावयाचे. रात्रीची खोली आधीच ठरलेली, स्नानाला ऊन पाणी, सकाळी सामानाची पेटी मोटारीने पुढच्या मुक्कामास रवाना, बरोबर माहिती सांगणारा वाटाड्या, आणि कोणी थकलाच तर मागून गाडी. काही सहलींत वाटेचे देखणे तुकडे तेवढे चालतात आणि उरलेली वाट गाडीतून काढतात. सामान पुढे पोचवण्याचे काम तर स्पेनचे टपाल खातेसुद्धा करते.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, सामान गाडीत म्हणजे यात्रा बुडालीच की!" आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या दिंडीच्या वळकट्या, तंबू, भांडीकुंडी ट्रकनेच जातात. यान वापरल्याने फळ उणे होते असे शास्त्रात आहे खरे, परंतु गुडघे गेलेल्या म्हातारीने वीस किलोचे ओझे वाहावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. बरे, पैसे भरले हा दोष म्हणावा, तर दिंडीत आपणही भिशी भरतो. पुढे वाटाड्या चालतो हा दोष म्हणावा, तर आपल्यापुढे विणेकरी चालतो. मग उणे पडले कोठे?

आमच्या मते ते निवड करण्यात आहे. बुर्गोस ते लेओन ह्या गावांमध्ये मेसेता नावाचे पठार लागते. आठ-दहा दिवस सपाट गव्हाची शेते, झाड नाही, सावली नाही, पाहण्यासारखे काही नाही. सहलवाले हा भाग बहुधा गाळतात. पैसे देऊन कोणी कंटाळा विकत घेईल काय? परंतु जे अथपासून इतिपर्यंत चालतात, त्यांतील कित्येक सांगतात की आमची यात्रा घडली ती तेथेच. आपल्याकडे दिवे घाटातला देखावा आणि रिंगणातला अश्व पाहायला गर्दी लोटते. पुढे उन्हात डांबरी सडकेवर चार कोस काहीच घडत नाही, पाय मात्र भाजतात, तेव्हा कोण असते? विणेकरी, टाळकरी, आणि डोक्यावर तुळस घेतलेली एखादी आजी. नाम तेथे मुरते.

मुक्कामाचेही तसेच आहे. तेथील कित्येक जुन्या धर्मशाळांत जागा आधी राखून मिळत नाही. जो आधी पोचला त्याला खाट, आणि तीही एका रात्रीपुरती. काही ठिकाणी दर नसतो, पेटीत जे टाकाल ते. रात्री सर्वांनी मिळून रांधावे आणि एका टेबलाशी बसावे. मागे सामानाची मोटार असलेल्यांना कित्येक धर्मशाळा घेत नाहीत. म्हणजे संध्याकाळी दार उघडेल की नाही, हे यात्रेकरूच्या हाती नसते. त्याला मागावे लागते, आणि कोणीतरी दिले की घ्यावे लागते. ज्याची खोली सहा महिने आधी ठरली, त्याला कोणापाशी काही मागण्याचे कारणच उरत नाही. आम्ही सहलीत उणे पाहतो ते हेच. सांतियागोला देवळाशेजारी एक भव्य इमारत आहे. फर्डिनंड राजा व इसाबेला राणी ह्यांनी १४९९ साली थकल्या, आजारी यात्रेकरूंसाठी ती काढविली. १९५४ पासून ती महागडे हॉटेल आहे!

तरीही सहलीने जाणाऱ्यास आम्ही हसणार नाही. स्मृतिकारांनी त्याला शून्य दिले नाही, अर्धे दिले. तेथील देवस्थानही असेच वागते. निदान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलीने आलेल्यास ते लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र देतात, परंतु आधी विचारतात की बाबा, कशासाठी आलास? धर्मभावनेने आलो म्हणेल त्याला एक कागद, नुसता हिंडायला आलो म्हणेल त्याला दुसरा. दाराबाहेर कोणालाच ठेवत नाहीत. मेलेल्या आप्ताच्या नावानेही ते प्रमाणपत्र देतात. वडिलांची वारी मुलगा चालवतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ह्याचे नवल नको.

आता आपल्याकडे पाहू. वारीतही पैसे घेऊन सर्व सोय करणारे निघाले आहेत, आणि पुढेही निघतील. त्यांना अडवून उपयोग नाही. परंतु दिंडीने आपले दिंडीपण सोडू नये. हैबतबाबांनी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यातली एक गोष्ट पाहा. मुक्कामाच्या तळावर समाज-आरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंच केला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजतच राहतात. मग चोपदार तेथे जाऊन विचारपूस करतात. हरवले-सापडले तेही तेथेच पुकारतात. सहलीत तक्रार असली की पैसे परत मागावयाचे. येथे टाळ वाजवला की सारा समाज ऐकायला थांबतो. हे विकत मिळण्यासारखे नाही.

म्हणून दिंडीप्रमुखांस आमची विनंती आहे. पुण्याहून सासवडपर्यंत एकच दिवस चालायला कचेऱ्यांतली मुलेमुली येतात. ती गळ्यात टोपीबरोबर कॅमेराही अडकवून येतात, म्हणून नाक मुरडू नका. त्यांना रस्त्याच्या कडेने चालू देऊ नका, ओळीत घ्या. हाती टाळ द्या, पाऊल शिकवा. दुपारच्या विसाव्याला त्यांना पहिल्या पंगतीला न बसवता वाढायला लावा, आणि मग वाढलेल्या माणसांनी त्यांना वाढावे. सासवडच्या तळावर ती मुले घरी निघाली तर अडवू नका. पुढच्या वर्षी जेजुरीपर्यंत या, एवढेच म्हणा.