नाव एक, ओळख वेगळी

आमच्या वर्गात एकाच नावाच्या दोघी. म्हणून मंडळाच्या कविता साठवायला जावामध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, तेव्हा ओळखीसाठी नावाऐवजी क्रमांक घेतला. क्लासमध्ये एक स्टॅटिक काउंटर; नवा ऑब्जेक्ट तयार झाला की तो एकने वाढणार. प्रोग्राम बंद करून परत सुरू केला, तर काउंटर पुन्हा १ वर! नवी कविता जुनीच्या जागी सेव्ह झाली. मैत्रिणीची कविता गेली ती गेलीच.

काउंटर फक्त मेमरीत जगतो, हे तेव्हा कळलं. आता मी यूयूआयडी.रँडमयूयूआयडी() वापरते. त्यात १२८ बिट, पैकी १२२ यादृच्छिक. दोन सारखे निघणं जवळजवळ अशक्य. मात्र हा आयडी कविता पहिल्यांदा नोंदवताना एकदाच द्यायचा आणि तिच्यासोबत फाइलमध्ये जपायचा. दर वेळी नवा दिलात, तर आपलीच कविता आपल्याला परकी होते.