फायर सूट घेताय? चकाकी सोडा, अस्तर बघा

कारखान्याच्या सेफ्टी ऑडिटची तारीख जवळ आली की फायर सूटची चौकशी सुरू होते आणि बहुतेक वेळा खरेदी चंदेरी सुटावर येऊन थांबते. पाच-दहा हजारांत मिळतो, काचेच्या कपाटात उठून दिसतो, यादीत बरोबरची खूण होते. तो अगदीच निरुपयोगी नाही; त्याचं काम वेगळं आहे. त्याचा ॲल्युमिनियमचा थर समोरून येणारी धग परतवतो, म्हणून तो तेलाच्या टाक्यांजवळ आणि विमानतळावर वापरतात. धुराने भरलेल्या गोदामात तो घालून कोणाला पाठवू नका.

आत शिरणाऱ्याला तीन थरांचा सूट लागतो. बाहेरचं कापड नोमेक्स, केवलार या ॲरामिड जातीचं. ते वितळून अंगाला चिकटत नाही. मधला पातळ पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो. आतलं अस्तर उष्णता रोखतं, ते मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. म्हणून घट्ट सूट धोक्याचा. जवान गुडघे टेकून रांगतो, बीए सेटचा (श्वसनयंत्राचा) पट्टा खांद्यात रुततो, तिथली हवा दबते आणि चटका नेमका तिथेच बसतो. अस्तर घामाने भिजलेलं असेल तर वरच्या कापडाला काही न होताही आतली कातडी भाजू शकते.

आता पैशांचं. पुढचे आकडे ढोबळ आहेत, कोटेशन घ्याच. देशी बनावटीचं तीन थरी जॅकेट आणि पँट साधारण ३० ते ६० हजारांत येतं. आयात केलेला संच लाखाच्या पुढे जातो. हेल्मेट, हूड, हातमोजे आणि बूट धरून आणखी १५ ते ४० हजार. बीए सेट वेगळा, त्याचे ५० हजारांपासून पुढे. हा खर्च टाळून नुसता सूट घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण सूट धूर अडवत नाही.

दुकानदार 'आयएसओ सर्टिफिकेट' पुढे करील. आयएसओ ९००१ हा कंपनीच्या कारभाराचा दाखला, कापडाचा नव्हे. आतल्या लेबलवर युरोपचं ईएन ४६९ किंवा अमेरिकेचं एनएफपीए १९७१ हे मानक शोधा. ईएन ४६९ खाली एक्स, वाय, झेड अशी अक्षरं असतात: उष्णता, पाणी आणि घामाची वाफ बाहेर जाणं. अक्षरापुढे २ म्हणजे वरचा दर्जा, १ म्हणजे खालचा. त्याच लेबलवर उत्पादनाची तारीख असते, ती तर आधी वाचा. अमेरिकी नियमानुसार सूट उत्पादनापासून १० वर्षांनी बाद होतो. तीन वर्षं गोदामात पडलेला ५० हजारांचा सूट घेतलात तर उरलेल्या सात वर्षांचे पूर्ण पैसे मोजलेत. मग घासाघीस करा की!

घेण्याआधी घालून बघा. दोन्ही हात वर करा, वाका, उकिडवे बसा. जॅकेट आणि पँट यांच्यात कंबर उघडी पडली तर माप चुकलं. आत सुती किंवा लोकरी कपडे हवेत, नायलॉनचा टी-शर्ट अजिबात नको. आधी पँट-बूट, मग जॅकेट; मास्क चढवून त्याच्या कडेवर हूड ओढायचा, कॉलर उभी करून बंद करायची, हेल्मेटचा पट्टा आवळायचा, हातमोजे शेवटी. मास्कभोवती कातडीची रेघसुद्धा दिसता कामा नये. हे एकमेकांचं तपासावं, स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

धुण्याचा खर्च मात्र कोणी धरत नाही. मळकट सूट म्हणजे मर्दुमकी, हा समज सोडा. अग्निशामकांच्या कामातला घातक घटकांशी येणारा संपर्क कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. काजळी त्यातलाच भाग. आगीनंतर जागेवरच पाण्याने धुवा, पिशवीत बंद करा, घरी नेऊ नका. मशीनमध्ये कोमट पाणी आणि सौम्य साबण. ब्लीच आणि सॉफ्टनर वर्ज्य. वाळवायचा सावलीत, कारण उन्हाने ॲरामिड कमजोर होतं. पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस सहज जातात, त्यामुळे नेहमी आगीच्या कॉलवर जाणाऱ्यांनी माणशी दोन संच धरूनच बजेट करावं.

सोसायट्यांनी या भानगडीत पडू नये. प्रशिक्षण नसलेल्या वॉचमनला सूट चढवला तर तो जिथे जाऊ नये तिथे जाईल. ते पैसे हायड्रंटचा पंप आणि जिन्यातले अडथळे काढण्यावर खर्च करा.

बाद झालेला सूट भंगारात तसाच देऊ नका. कात्रीने उभा फाडून द्या, नाहीतर धुऊन-इस्त्री करून तो पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात मारला जाईल.