घरचा संगणक आणि मुलांचे आरोग्य

मुंबईत वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींतही जागेची तीच अडचण. अशा घरात संगणक आला तो सर्वांच्या डोळ्यांसमोरच. आईचे पोळ्या लाटताना, आजीचे भाजी निवडताना मुलाकडे लक्ष असे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मुलांना वेगळी खोली मिळाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु खोलीबरोबर दारही येते आणि संगणक त्या दाराआड गेला की घरच्यांची नजर सुटते. मुंबईत असो वा आपल्या गावी, मोठ्या घरात ही नजर आता ठरवून ठेवावी लागते.

याचा आरोग्याशी काय संबंध, असे काही वाचक विचारतील. नको ते चित्र पाहून घाबरलेले किंवा अनोळखी माणसाच्या धमकीने धास्तावलेले मूल बहुधा काही बोलत नाही. झोप उडते, भूक मंदावते, पोट दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पालक टॉनिक आणतात. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावेच. पण मूल संगणकावर कोणाशी बोलते, हेही प्रेमाने विचारावे.

पालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) संगणक बाहेरच्या खोलीत, स्क्रीन सर्वांना दिसेल असा ठेवावा.

२) सर्वांनी एकच खाते वापरू नये. मुलाचे खाते वेगळे व साधे असावे. नवे प्रोग्रॅम टाकण्याचा अधिकार असलेले खाते पासवर्ड घालून पालकांनी स्वतःकडे ठेवावे. खेळ समजून उतरवलेल्या व्हायरसचा धोका त्यामुळे कमी होतो. आईच्या बँकेचे व्यवहारही मुलाच्या हाती लागत नाहीत.

३) विंडोज व ब्राउझर अद्ययावत ठेवावेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक जुना असल्यास जाणकाराला दाखवावा.

४) भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, तर पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी वेळ द्यावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहिल्यास डोळ्यांना विसावा मिळतो.

५) पत्ता, शाळेचे नाव, फोटो, ओटीपी अनोळखी माणसाला देऊ नये, हे मुलाला पुनःपुन्हा सांगावे.

“चुकून काहीतरी उघडले,” असे मूल सांगू लागले तर रागावू नये. आज मार बसला, तर उद्या तेच मूल लपवील आणि धमकावणाऱ्याला हेच हवे असते. कोणी धमकी दिल्यास पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत. ते पुरावा म्हणून लागतात. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवावे. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे, तेव्हा अब्रूच्या भीतीने गप्प बसू नये.

आज रात्री जेवताना मुलाला एवढेच सांगावे, “काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही.” आणि दिलेला शब्द पाळावा.