कपाट त्यांचं, राखण आमची

भाडेकरू सामान मागे ठेवून गेला की काही दिवसांनी ते घरमालकाचं होतं, अशी आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांची समजूत आहे. "काकू, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळ्या व्हा," हा सल्ला मला जिन्यात, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवाला, सगळीकडे मिळाला. मी तो ऐकला नाही, म्हणून आज शांत झोपते.

डोंबिवली पूर्वेचा आमचा वन-बीएचके. करार संपला तेव्हा भाडेकरू साहेबांनी किल्ली दिली, कबूल केल्याप्रमाणे डिपॉझिट घेतलं आणि लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, काही खोकी तशीच ठेवली. "रविवारी टेम्पो घेऊन येतो, काकू." तो रविवार गणपतीच्या आधीचा. दिवाळी गेली तरी टेम्पोचा पत्ता नाही. फोन उचलत नसत, पण मेसेजखाली निळ्या टिका बरोबर उमटायच्या. ठरलेलं नवं कुटुंब कंटाळून कल्याणला गेलं. मेंटेनन्स आम्हीच भरत राहिलो. एकदा स्टेशनच्या पुलावर साहेब समोरासमोर आले, तर मलाच म्हणतात, "तुमच्या जागेत थोडं सामान पडलं तर काय बिघडतं?"

कल्याण कोर्टातल्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की वस्तू टाकून जाणं म्हणजे मालकी सोडणं नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, पण मागे राहिलेल्या सामानाचं काय करायचं यावर त्यात कलमच नाही. लोक भारतीय करार कायद्याचं कलम १६९ तोंडावर फेकतात. ते सापडलेल्या वस्तूचं आहे. मालक शोधूनही मिळत नसेल किंवा रास्त खर्च देत नसेल, आणि वस्तू नासणारी असेल किंवा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल, तरच विकता येते. आमचे मालक तर पुलावर भेटत होते! उलट, परस्पर विकलं असतं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तक्रार झाली असती: किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड. अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं, पण तो नव्हता हे सांगायला कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार?

मग रीतसर नोटीस. सामानाची यादी, नेण्याची शेवटची तारीख, त्यानंतरचं राखणीचं भाडं आणि न नेल्यास पुढे काय करणार, हे सगळं लिहून स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं, तेच व्हॉट्सअॅपवरही. सेक्रेटरी आणि शेजारच्या वहिनींच्या समोर व्हिडिओ काढला. कपाट उघडलं नाही. दारावर कागदाची पट्टी चिकटवून तिघांच्या सह्या केल्या.

नोटीस लागताच साहेब उगवले. आल्या आल्या पहिलं वाक्य: "कपाटात ऐंशी हजार रोख आणि आईचं मंगळसूत्र होतं." माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण क्षणभरच. पट्टी दाखवली, सह्या जशाच्या तशा. सगळ्यांसमोर त्यांनाच उघडायला लावलं. आत एक गोधडी, जुनी वीजबिलं आणि डांबरगोळ्या. "मग खोक्यात असेल," म्हणाले. खोक्यांतही नव्हतं. माफीचा शब्द नाही, राखणीचा एक रुपया नाही.

तुमच्यावर वेळ आली तर एक लक्षात ठेवा. दाराला त्यांचं कुलूप असेल तर ते कधीही तोडू नका. करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. शाळेचे दाखले, पासपोर्ट, औषधं सापडली तर त्यांची अडवणूक करू नका, पोच घेऊन देऊन टाका. माणसं पारखून ठेवा, असंही सगळे सांगतात. कशी पारखायची ते कोणी सांगत नाही. आमचे साहेब दर संकष्टीला मोदक आणून द्यायचे.

नवा करार करताना मागे राहिलेल्या सामानाची मुदत आणि राखणीचं भाडं त्यातच लिहून घ्या. आणि किल्ली घेताना "घरात माझी कोणतीही वस्तू राहिलेली नाही" एवढं सहीनिशी लिहून घ्या, खोल्या स्वतः फिरून बघा, मगच डिपॉझिटचा चेक द्या.