पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा: दुर्मीळ कॅन्सरचा खर्च

तुमसर तालुक्यातले चिखला हे गाव मॉइल कंपनीच्या मँगनीज खाणीसाठी ओळखले जाते. इथल्या एखाद्या घरात बाईच्या रिपोर्टवर ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, सर्व्हिक्स’ असे लिहून आले, तर पैसे किती लागतील आणि आणायचे कुठून, हेच आधी मनात येते. त्याचा हा हिशेब.

आजार कोणता?
गर्भपिशवीच्या तोंडाच्या शंभर कॅन्सरमध्ये हा प्रकार एखाद-दुसराच. मूळ बहुधा एचपीव्ही विषाणूच, विशेषतः 18 आणि 16 हे प्रकार. पण वाढ झपाट्याने होते आणि रक्तावाटे तो फुप्फुस, यकृतापर्यंत लवकर पोचतो. पॅप तपासणीत तो निसटूही शकतो. म्हणून संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, घाण वासाचे पांढरे जात असेल, तर आधीच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबू नका.

पैसा कुठे वाया जातो?
तुकडा न तपासता पिशवी काढून टाकण्यात. ऑपरेशनचे पैसे जातात आणि कॅन्सर नंतर कळला तर पुढचे उपचारही अवघड होतात. आधी बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी, मगच ऑपरेशनचा विचार.

तपासण्या
आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून तुमसरच्या उपजिल्हा आणि भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतची सेवा 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहे. नागपूरचे सरकारी मेडिकल कॉलेज वेगळ्या विभागाचे, तिथे शासकीय दराने शुल्क लागते. हा प्रकार पक्का करायला तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही तपासणी करावी लागते. खासगीत तिचे काही हजार होतात. पेट-सीटी स्कॅनला साधारण दहा ते वीस हजार. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर पुन्हा तुकडा काढायची गरज बहुधा पडत नाही. लॅबमधून मेणातला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

उपचार
बहुधा सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइडची किमो, दर तीन आठवड्यांनी चार ते सहा वेळा. सोबत शेक, म्हणजे रेडिएशन. गाठ लहान असेल तर ऑपरेशनही. ही औषधे जुनी, त्यामानाने स्वस्त. शेक मात्र आठवड्यातले पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतो. चिखल्याहून रोज नागपूर गाठणे शक्य नाही. नागपुरातला मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हा मोठा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. मुक्कामाच्या सोयीसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा.

बिल कोण भरणार?
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत: कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार लागते. रुग्णालय योजनेत आहे का, हे भरतीआधी 155388 किंवा 1800 233 2200 वर विचारा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून मंजुरी मिळाल्यावरच उपचार सुरू करा. निदानाआधीच्या बाहेरच्या तपासण्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून त्या सरकारी दवाखान्यातच करा.
• खाण आणि बिडी कामगार: केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण योजनेत पात्र मँगनीज खाण व बिडी कामगारांना कॅन्सरसाठी साडेसात लाखांपर्यंत खर्च परत मिळू शकतो. ओळखपत्र आणि मूळ बिले जपा. अटी नागपूरच्या कल्याण आयुक्त कार्यालयात आधीच समजून घ्या. मॉइलच्या कायम कामगाराने कंपनीच्या दवाखान्याचे रेफरल पत्र घेऊनच निघावे.
• धर्मादाय रुग्णालये: 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला सोबत ठेवा.

प्रवास
रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण, तर सेकंड क्लासमध्ये 75 टक्के सूट. सोबत्याला या तिन्हींत 75 टक्के. डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन तिकीट खिडकीवर जा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहेच.

मुलींसाठी
पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस एचपीव्हीच्या 16 आणि 18 या दोन्ही प्रकारांपासून संरक्षण देते. 2023 मध्ये ती बाजारात आली तेव्हा एका डोसची किंमत 2,000 रुपये होती. पंधरा वर्षांखालील मुलींना दोन डोस पुरतात.

योजनेबाहेरच्या रुग्णालयात अनामत भरण्याआधी 155388 वर एक फोन करा. बायोप्सीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत पिशवी काढण्याच्या कागदावर सही करू नका.